जावईबापूंशी वाद : युक्रेनला मदत द्यावी की समझोता करावा?



मागच्या लेखात कच्च्या केळ्याच्या कोफ्त्यांबद्दल लिहिलं होतं. त्यावर तुमच्या इतक्या प्रतिक्रिया आल्या की आजही काहीतरी स्वयंपाकघरातलंच लिहावं, असं ठरवून बसले होते. पण परवा लेकीचा फोन आला आणि बोलता बोलता जुना वाद पुन्हा निघाला. दोन वर्षांपूर्वी सुरू झालेला हा वाद अजून मिटलेला नाही. तो माझ्यात आणि जावईबापूंमध्ये आहे. लेक मधल्या मधे हसत असते.

झालं असं, की २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मी न्यू जर्सीला लेकीकडे गेले, ती एप्रिल संपेपर्यंत तिथेच होते. ज्या बायका हिवाळ्यात तिकडे राहून आल्यात त्यांना माहीत आहे, डिसेंबरात तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. माझा रात्रीभोजनाचा त्याग. त्यामुळे चारलाच माझं ताट एकटीचं. लेक आणि जावईबापू कामावरून येणार सहाला, जेवणार सातला. मग ते जेवत असताना मी टेबलाशी नुसती बसायची. तोंडात घास नाही, त्यामुळे तोंड मोकळं. वाद त्यातूनच वाढला, असं लेकीचं म्हणणं.

त्या दिवसांत तिथल्या टीव्हीवर एकच विषय होता. अध्यक्ष बायडन यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये युक्रेनसाठी आणखी मोठी रक्कम मागितली होती आणि त्यांच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, ती अडकून पडली होती. एक महिना गेला, दोन गेले, सहा महिने होत आले. जावईबापू रोज पोळीचा घास मोडता मोडता म्हणायचे, "आई, आमच्या करातला पैसा आहे हा. इथे पाळणाघराचा खर्च आम्हाला परवडत नाही, आणि हे दुसऱ्यांच्या भांडणात पैसे ओतताहेत. बसवा ना दोघांना समोरासमोर, करा म्हणावं समझोता."

ऐकायला किती बरोबर वाटतं! समझोता कोणाला नको? मलाही पहिले काही दिवस त्यांचंच पटत होतं. आपण तर मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालणारी माणसं. लढाईला पैसे द्या असं आपण कसं म्हणायचं?

पण संसारी बाईला हिशेब कळतो. म्हणून मी आधी पैशाचंच विचारलं. रात्री लेकीला कागद-पेन्सिल घेऊन बसवलं. २०२२ ते २०२४ या काळात अमेरिकन काँग्रेसने पाच वेळा मिळून युक्रेनच्या नावाने सुमारे १७५ अब्ज डॉलर मंजूर केले. आकडा डोळे फिरवणारा आहे. पण त्याच तीन वर्षांत अमेरिकन सरकारचा एकूण खर्च १९ हजार अब्ज डॉलरच्या आसपास होता. म्हणजे शंभर रुपयांच्या वाणसामानात रुपयाहून थोडं कमी. आणि तो रुपयाही सगळा युक्रेनला पोचतो असं नाही. गोदामातला जुना दारूगोळा तिकडे पाठवायचा आणि त्याच्या जागी नवा बनवायला आपल्याच देशातल्या कारखान्यांना पैसे द्यायचे, असा त्यातला मोठा भाग. आपली जुनी भांडी कामवालीला देऊन आपण नवा सेट घेतो आणि वर दान केलं म्हणतो ना, तसंच काहीसं. जावईबापू यावर हसले, पण म्हणाले, "म्हणजे उलट शस्त्रांच्या कारखानदारांचं भलं. हे तुम्हाला चालतं?"

नाही चालत. हे मी तेव्हाही कबूल केलं आणि आत्ताही करते. युद्ध लांबलं की ज्याची तिजोरी भरते, त्याच्या तोंडची मदतीची भाषा मला खरी वाटत नाही.

पण पाळणाघराचा खर्च युक्रेनमुळे परवडत नाही, हे मात्र त्या कागदावर काही दिसेना. ते पैसे न दिले तर पाळणाघरं स्वस्त होतील असं कुठल्याही नेत्याने सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. पैशाचा मुद्दा तिथेच संपला. आमच्यातला खरा वाद पुढे आहे.

जावईबापूंचा दुसरा मुद्दा असा की, मदत दिली म्हणजे युद्ध लांबतं, आणि लांबलं म्हणजे जास्त माणसं मरतात. मदत थांबवा, युक्रेन नमेल, समझोता होईल, माणसं वाचतील. शिवाय ते मला माझ्याच शास्त्रात पकडायचे. लहानपणी पाठशाळेत शिकलेलं त्यांना चांगलं आठवतं. म्हणाले, "आई, अनर्थदंडात हिंसादान येतं ना? दुसऱ्याला शस्त्र, विष, आग देऊ नये असं सांगितलंय ना?"

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण त्यांचं बरोबर होतं. अनर्थदंडाचे पाच प्रकार आपण सगळ्या जणी पाठ म्हणतो : पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती, प्रमादचर्या. हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हातात देणं हे त्यात स्पष्ट नाव घेऊन सांगितलेलं आहे. शेजारणीने उंदराचं औषध मागितलं तरी आपण "नाही गं आमच्याकडे" म्हणतो. मग तोफगोळे द्या असं म्हणायला माझी जीभ कशी उचलेल?

सकाळी सामायिकाला बसले तरी तेच डोक्यात. मग हळूहळू दुसरी बाजू आठवली. श्रावकाला हिंसेचे चार प्रकार सांगितलेत. संकल्पी, म्हणजे मारायचंच म्हणून मारणं. आरंभी, ती चूल-पोतेऱ्यात होते. उद्योगी, ती शेतात-धंद्यात होते. आणि विरोधी, जी स्वतःचं, घरच्यांचं, आश्रिताचं रक्षण करताना होते. मुनींना चारही वर्ज्य. गृहस्थाला पहिली पूर्ण वर्ज्य, बाकीच्या तीन जपून, कमीत कमी. विरोधी हिंसा पुण्य आहे असं कोणी म्हटलेलं नाही, बंध तर पडतोच. पण घरात शिरलेल्याला अडवणारा आणि घरात शिरणारा यांना एका तागडीत घातलेलं नाही.

२४ फेब्रुवारी २०२२ ला कोण कोणाच्या घरात शिरलं, याबद्दल तरी वाद नसावा. त्याआधी २०१४ मध्ये क्रिमिया घेतला तेव्हाही तेच. रशियाचीही काही तक्रार असेल, नाटो त्यांच्या दाराशी येत होती हे त्यांना खुपत असेल. अनेकान्त मानणाऱ्या बाईने ती बाजूही ऐकून घ्यावी, मी घेतली. पण शेजाऱ्याने कोणाशी सोयरीक करावी हे आवडलं नाही म्हणून त्याच्या घरावर रणगाडा घालणं, हे ऐकून घेण्याच्या पलीकडचं आहे.

तर मग माझं मत असं झालं. ज्याच्या घरावर हल्ला झाला त्याला अडवायचं साधन देणं हे 'अनर्थ' नाही, त्याला अर्थ आहे. पण त्याला दान म्हणू नये. दान चार : आहार, औषध, ज्ञान आणि अभय. तोफगोळा या चारात बसत नाही, आणि तो पाठवणाऱ्याने पुण्याची पावती मागू नये. विमानं आणि क्षेपणास्त्रं पाडणारी यंत्रणा मात्र मी अभयदानाच्या जवळ मानते, कारण ती झोपलेल्या गावावर येणारा मृत्यू आकाशात अडवते. आणि काही गोष्टी मला अजिबात मान्य नाहीत. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेने युक्रेनला क्लस्टर बॉम्ब देण्याचं ठरवलं. या बॉम्बमधून अनेक छोटे बॉम्ब पसरतात, काही न फुटता शेतात पडून राहतात आणि वर्षांनंतर नांगरणाऱ्याचा किंवा खेळणाऱ्या पोराचा जीव घेतात. शंभराहून अधिक देशांनी ते वापरायचे नाहीत असा करार केलाय. त्या करारात अमेरिका नाही, रशिया नाही, युक्रेन नाही, आणि आपला भारतही नाही. रशियाने ते आधीपासून वापरले, हे खरं. म्हणून दुसऱ्यानेही वापरावेत, हे मला पटत नाही. इथे जावईबापू आणि मी एका बाजूला होतो.

पाचातलं तिसरं, अपध्यान, त्याबद्दल एक बाजूला सांगते. अमका मरावा, तमका हरावा असं मनात घोळवत बसणं म्हणजे अपध्यान. हल्ली मोबाइलवर ड्रोनचे व्हिडिओ येतात. वरून एक सैनिक दिसतो, पळतो, मग धूर. खाली हसणारी तोंडं. मी स्वतः माझ्या नातवाला, वय वर्षं अकरा, ते बघताना पाहिलंय. त्या सैनिकाला घरी आई असेल, रशियन असला तरी. त्याला तिथे कोणी पाठवलं हा प्रश्न वेगळा. आपल्या घरातल्या मुलांच्या फोनमध्ये हे आहे का, एवढं आजच बघा.

आता त्या बाईबद्दल. लेकीच्या इमारतीत तळघरात कपडे धुवायची यंत्रं आहेत. तिथे मला एक युक्रेनियन बाई भेटायची, बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. खारकीवची. तिला इंग्रजी जेमतेम, मलाही जेमतेम. ती फोनमध्ये बोलायची, फोन इंग्रजीत सांगायचा, मी माझ्या फोनमधून ते मराठीत ऐकायची. दोन फोन आणि दोन बायका! नवरा तिकडेच, कारण तेव्हा अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती. पोलंडच्या सीमेवर तेव्हा ज्या रांगा टीव्हीवर दिसल्या, त्यात बायका आणि मुलंच का होती, ते मला तिच्याकडून कळलं. मी तिच्या मुलीला दशम्या दिल्या. तिने मला मध दिला. आता मध मी घेत नाही हे तिला दोन फोन वापरूनही समजावता आलं नाही. शेवटी लेकीच्या शेजारणीला देऊन टाकला.

एकदा मी तिला सरळ विचारलं, जावईबापूंचाच प्रश्न. थोडी जमीन देऊन युद्ध थांबलं तर? ती बराच वेळ फोनमध्ये बोलली. फोनने सांगितलं ते एवढंच : माझ्या आईचं घर त्या जमिनीवर आहे आणि आई त्या घरात आहे.

आई दोनेत्स्क भागातल्या एका गावात, रशियाच्या ताब्यात गेलेल्या. तीन वर्षांत भेट नाही.

मला वाटतं, समझोत्याची चर्चा करणाऱ्या सगळ्या पुरुषांनी हे एक वाक्य भिंतीवर लावावं. नकाशावर रेघ ओढणं सोपं असतं. रेघेच्या पलीकडे कोणाची तरी आई राहते, तिची शाळा, तिची भाषा, तिचं पेन्शन राहतं. लहान मुलं राहतात. ताब्यातल्या भागांतून मुलं रशियात नेल्याच्या आरोपावरून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्यावर अटक वॉरंट काढलंय. युक्रेनच्या यादीत अशी एकोणीस हजारांहून जास्त मुलं आहेत. समझोत्याच्या कागदावर ती परत येण्याचं कलम आहे का नाही, हे मी आधी बघीन. किती चौरस किलोमीटर, ते नंतर.

याचा अर्थ बोलणी करू नयेत असा नाही. अजिबात नाही. इथे माझा राग दुसऱ्या टोकाच्या लोकांवर आहे, जे "शेवटच्या माणसापर्यंत लढा" असं दुसऱ्यांच्या मुलांना सांगतात. युक्रेनने एप्रिल २०२४ मध्ये सैन्यात भरतीचं वय सत्तावीसवरून पंचवीसवर आणलं. माझ्या धाकट्याचं वय तेवढंच. मी पुढचं लिहीत नाही.

बोलणी फसली तरी काहीतरी देऊन जातात. जुलै २०२२ मध्ये तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांनी मध्ये पडून काळ्या समुद्रातून धान्याची जहाजं सोडायचा करार घडवला. युद्ध चालूच होतं, तरी वर्षभरात जवळजवळ तीन कोटी तीस लाख टन धान्य आणि खाद्यपदार्थ बाहेर पडले. त्यातला काही गहू येमेन, अफगाणिस्तान, सोमालियासारख्या भुकेल्या देशांत गेला. जुलै २०२३ मध्ये रशियाने करार मोडला, पण तोवर तेवढ्या तोंडांत घास पडला. आहारदान याला म्हणावं. आणि मे २०२५ मध्ये इस्तंबूलला दोन्ही देश तीन वर्षांनी प्रथमच समोरासमोर बसले. युद्धबंदी झाली नाही, सगळे म्हणाले फसलं. पण दोन्हीकडचे हजार-हजार कैदी सुटले, आणि जूनमध्ये सहा हजारांहून जास्त सैनिकांचे मृतदेह युक्रेनला परत मिळाले. ज्या घरात माणूस गेल्याची खात्रीच नाही, त्या घरातल्या बाईला कुंकू लावू की नको हेही कळत नाही. त्या बोलण्यांनी निदान तेवढं केलं.

आता, मध्यस्थ कसा असावा? आपल्याकडे बांधावरून भांडण झालं की पंच बोलावतात. चांगला पंच दोघांनाही बोलावतो. पुढे काय होईल याची हमी कोण घेणार, ते आधी विचारतो. युक्रेनचा सगळा इतिहास या हमीतच अडकलाय. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा त्यांच्या जमिनीवर जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा होता. डिसेंबर १९९४ मध्ये बुडापेस्टला त्यांनी तो सोडायचं कबूल केलं. बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्यांच्या सीमांचा मान राखू असं लिहून दिलं. १९९६ पर्यंत शेवटचं अस्त्र रशियाला गेलं. (ती अस्त्रं चालवायच्या किल्ल्या मॉस्कोतच होत्या, हेही सांगायला हवं.) अण्वस्त्रं सोडणारा देश! आपण तर त्याचं पाद्यपूजन करायला हवं होतं. वीस वर्षांत काय झालं ते बघितलंच. पुढे २०१४ आणि २०१५ मध्ये मिन्स्कला करार झाले, तेही मोडले. मार्च २०२२ मध्ये इस्तंबूलला युक्रेन नाटोत जाणार नाही इथपर्यंत तयार झाला होता. पण पुन्हा हल्ला झाला तर धावून येणाऱ्या देशांच्या निर्णयात रशियालाही नकाराधिकार हवा होता. म्हणजे चोर आला तर शेजाऱ्यांनी धावायचं, पण चोराची परवानगी घेऊन! बुचा गावातली दृश्यंही जगाने पाहिली, आणि ती बोलणी विरली.

म्हणून जावईबापू "करा समझोता" म्हणतात तेव्हा मी विचारते, हमी कोणाची?

आपल्या पुराणातही पंच आहेत. भरत आणि बाहुबली यांच्या सेना समोरासमोर उभ्या ठाकल्या तेव्हा दोन्हीकडच्या मंत्र्यांनी विचार केला, की हे दोघे तर चरमशरीरी, यांना काही होणार नाही, मरतील ती बिचारी सैन्यातली माणसं. त्यांनी दोघांना दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्धावर आणलं. कुंभोजला बाहुबलीच्या पायाशी उभं राहिलं की आपल्याला त्यांचा त्याग आठवतो. मला हल्ली ते मंत्री आठवतात. त्यांची नावं कोणाला माहीत नाहीत. आणि हेही आठवतं, की हरल्यावर भरताने ठरलेलं मोडून चक्र सोडलंच. चक्राने बाहुबलींना काही केलं नाही, कारण ते भाऊ होते. क्षेपणास्त्राला भाऊ कळत नाही.

आणि आपल्या कोल्हापूरचाच एक माणूस असा पंच झाला होता, हे किती जणींना माहीत आहे? कोरियात युद्धबंदीची बोलणी जुलै १९५१ ला सुरू झाली आणि सही व्हायला जुलै १९५३ उजाडला. दोन वर्षं मुख्यतः कैद्यांवरून अडली : ज्यांना घरी जायचं नाही त्यांचं काय करायचं? मधल्या काळात लढाई चालूच, माणसं मरतच होती. शेवटी हे काम तटस्थ देशांच्या आयोगाकडे आलं. अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांना सांभाळणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात. वीस हजारांहून जास्त संतापलेले कैदी. त्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला धरून ठेवलं तेव्हा थोरात स्वतः त्यांच्यात गेले आणि बोलून बोलून त्याला सोडवून आणलं. माझे सासरे त्यांच्याबद्दल अभिमानाने बोलायचे. आपल्या देशाकडे तेव्हा पैसा नव्हता, शस्त्रं नव्हती. पण दोन्ही बाजूंना आपला भरवसा होता.

आज आहे का? पंतप्रधानांनी २०२२ मध्ये समरकंदला पुतिन यांना हा काळ युद्धाचा नाही असं तोंडावर सांगितलं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये कीव्हला जाऊन औषधोपचाराच्या पेट्या दिल्या. चांगलंच केलं. पण युद्धाआधी आपण रशियाकडून नावापुरतं तेल घ्यायचो, नंतर आपल्या एकूण खरेदीतलं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तिकडून यायला लागलं, कारण स्वस्त. माझ्या स्कूटरच्या टाकीतही ते असणार. जावईबापू हे बरोबर काढतात. मी अमेरिकेला शहाणपण शिकवते आणि माझं पेट्रोल कुठून येतं ते विचारत नाही. अमेरिकेने २०२५ मध्ये यावरून आपल्या मालावर जादा कर लावला तेव्हा मला राग आला. पण त्यांचा दुटप्पीपणा दाखवल्याने आपला झाकला जात नाही. सूर्यफुलाच्या तेलाचंही तसंच. मार्च २०२२ मध्ये डब्याचे भाव भडकले तेव्हाच आपल्यातल्या निम्म्या जणींना युक्रेन नावाचा देश कळला. त्याआधी त्यांच्याच शेतातल्या तेलात आपण पुऱ्या तळत होतो.

त्या एप्रिलमध्ये, मी निघायच्या दहा दिवस आधी, ते बिल एकदाचं मतदानाला आलं. २० एप्रिल २०२४. ३११ बाजूने, ११२ विरोधात. सभापती माइक जॉन्सन यांच्याच पक्षातली निम्म्याहून जास्त माणसं विरोधात होती, खुर्ची जायची भीती होती, तरी त्यांनी ते मांडलं. ते म्हणाले होते की माझा मुलगा या वर्षी नौदलाच्या अकादमीत जातोय, आपली मुलं पाठवण्यापेक्षा दारूगोळा पाठवलेला बरा. लेकीने मला हे सांगितलं तेव्हा मला आधी पटलं, आणि मग टोचलं. आपली मुलं वाचावीत म्हणून दुसऱ्यांच्या मुलांच्या हातात शस्त्र! बाप म्हणून ते खोटं बोलले नाहीत, एवढंच मी म्हणेन. पण या सहा महिन्यांत, फेब्रुवारीत, दारूगोळ्याचा तुटवडा असताना अव्दीव्का शहर युक्रेनच्या हातून गेलं. समझोता काही जवळ आला नाही. उलट जिंकणाऱ्याला बसायची घाई कशाला? हेच मी जावईबापूंना सांगत होते.

२०२५ मध्ये त्यांच्या म्हणण्याचीही परीक्षा झाली. २८ फेब्रुवारीला ट्रम्प आणि झेलेन्स्की यांचं कॅमेऱ्यांसमोर भांडण झालं. पाहुण्याला घरी बोलावून चारचौघांत "आमचे उपकार विसरलास" म्हणणं, हे आपल्याकडे कुठल्या घरात शोभलं असतं? काही दिवस मदत थांबवली, गुप्त माहितीही थांबवली, ११ मार्चला पुन्हा सुरू केली. युक्रेन तीस दिवसांच्या युद्धबंदीला तयार झाला. रशिया झाला नाही. ऑगस्टमध्ये अलास्कात ट्रम्प आणि पुतिन भेटले, ज्याच्या घराची वाटणी होती त्याला बोलावलं नाही. तिथेही युद्धबंदी झाली नाही. दाबायचं असेल तर दोघांनाही दाबा. जो आधीच खाली पडलाय त्याच्याच छातीवर बसणं सोपं असतं, पण त्याला मध्यस्थी म्हणत नाहीत.

आणि त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली. अमेरिकेची परदेशांत अन्न, औषधं देणारी यूएसएड ही संस्था जानेवारीपासून गोठवली आणि १ जुलैला बंद केली. तोफगोळ्यांवर सहा महिने चर्चा, आणि खऱ्या आहारदान-औषधदानाचा दिवा फुंकर मारून विझवला. त्याची झळ युक्रेनलाच नाही, सुदानच्या उपाशी मुलांनाही लागली. जावईबापू म्हणाले, त्यातही भ्रष्टाचार होता. असेल. युक्रेनच्या सरकारातही आहे, जुलै २०२५ मध्ये भ्रष्टाचाराचा तपास करणाऱ्या संस्थांचे पंख कापायला तिथलं सरकार निघालं तेव्हा तिथलीच माणसं युद्ध चालू असताना रस्त्यावर उतरली आणि सरकारला माघार घ्यावी लागली. हिशेब मागा, जरूर मागा. भांडार घरात उंदीर झाले म्हणून आपण अन्नदान बंद करत नाही.

परवाच्या फोनवर लेकीने सांगितलं, की तळघरातल्या त्या बाईला आता पुढे तिथे राहता येईल की नाही याची खात्री नाही. ज्या योजनेखाली ती आली ती नव्या सरकारने जानेवारी २०२५ मध्येच थांबवली. वकिलाची फी भरायला तिच्याकडे पैसे नाहीत. मग लेक जरा थांबली आणि म्हणाली, "आई, फी आम्ही भरली. ह्यांनीच भरली. मला नंतर कळलं."

मी म्हटलं, फोन दे त्यांच्याकडे. जावईबापू फोनवर आले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "आई, हे वेगळं. हे माझे स्वतःचे पैसे आहेत, सरकारचे नाहीत. माझं मत बदललेलं नाही."

मी म्हटलं, बरं. आणि तिची आई? काही कळलं का?

त्यांनी सांगितलं, अजून नाही.